मालिकेच्या पुढच्या सीझनमध्ये नटाचा आवाज बदलतो तो का?

उपनगरी

लेकीला सुट्टी लागली म्हणून आम्ही दोघी 'द सिम्पसन्स' ही अमेरिकन कार्टून मालिका पहिल्या सीझनपासून ओळीने बघतोय. मी ही मालिका नव्वदीत केबलवर मिळेल तशी, तुकड्यातुकड्यांनी पाहिली. तिने आजवर नुसत्या क्लिपा पाहिल्यात. तिसऱ्याच भागाला तिने विचारलं, "आई, ह्या होमरला आवाज दुसऱ्या कोणी दिलाय का?"

नाही, त्या कुटुंबातल्या बापाला, होमरला, पहिल्यापासून डॅन कॅस्टेलानेटानेच आवाज दिलाय. १९८७ मध्ये 'द ट्रेसी उलमन शो'मध्ये अधूनमधून सिम्पसन कुटुंबाचे छोटे तुकडे दाखवायचे, तेव्हापासून होमर तोच. १७ डिसेंबर १९८९ ला अर्ध्या तासाची मालिका सुरू झाली तेव्हाही तोच, आणि आजही तोच. पण पोरीचा कान चुकत नाहीये. सुरुवातीचा होमर घशातल्या घशात, शब्द चावत बोलतो, सदा वैतागलेला. तिसऱ्या सीझनपर्यंत तो आवाज पार मोकळा होतो. त्यात किंचाळता येतं, हुंदका देता येतो, डोनट बघून लाळ गाळता येते.

तेव्हापासून मी दुसऱ्या मालिकांतही हे शोधत बसलेय. 'बिग बँग थिअरी'तली बर्नाडेट पहिल्यांदा येते तेव्हा बऱ्यापैकी साध्या आवाजात बोलते, पुढे तिचा आवाज चढतच जातो. 'सोप्रानोज'चा टोनी पहिल्या सीझनला हलका बोलतो, शेवटच्या सीझनला त्याच्या श्वासाचाही आवाज येतो. 'स्ट्रेंजर थिंग्ज'ची पोरं तर सांगायलाच नकोत.

असं काही दिसलं की लोक दोनच उत्तरं देतात. नट आजारी असेल, नाहीतर गुपचूप माणूस बदलला असेल. मला दोन्ही पटत नाहीत. माझं मत असं आहे की पहिल्या सीझनला नटाला ठाऊकच नसतं, हा आवाज आपल्याला किती वर्षं आणि कसकशा प्रसंगांत वापरायचाय ते. ते कळत जातं तसा तो आवाज बदलतो. जाणकारांनी लिहावं. कोणी माईकसमोर काम केलं असेल तर त्यांनी जरूर लिहावं.

शेवगाशेंग

होमरच्या बाबतीत तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, कारण कॅस्टेलानेटाने स्वतःच हे सांगितलंय. सुरुवातीला तो वॉल्टर मॅथाऊ या नटाची ढोबळ नक्कल करत होता. तुकडे छोटे होते तोवर निभावलं. अर्ध्या तासाची मालिका झाल्यावर रेकॉर्डिंग नऊ-नऊ, दहा-दहा तास चालायला लागलं आणि त्या आवाजात तेवढा दम राहीना. शिवाय त्यात जोर येत नव्हता. मग दुसऱ्या-तिसऱ्या सीझनमध्ये त्याने आवाज खाली आणला, ज्यात घशाला त्रास कमी आणि भावना जास्त बसतील असा. होमर बोलताना तो हनुवटी छातीला टेकवतो.

लेखकांचाही वाटा आहे. पहिल्या सीझनचा होमर चिडका बाप आहे. नंतर त्यांनी त्याला भोळा, खादाड, चटकन रडणारा केला. मॅथाऊच्या आवाजात तो होमर उभाच राहिला नसता.

स्वरपेटी

मी वाचा व स्वर उपचार करते (स्पीच थेरपिस्ट). धागा आवडला. आमच्याकडे येणारे लोक नट कमी आणि शिक्षक, कीर्तनकार, भाजीवाले, क्रिकेटचे कोच जास्त असतात, पण घसा सगळ्यांचा सारखाच. थोडं सविस्तर लिहिते.

स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. बोलताना ते एकमेकांवर आपटतात. साधारण पुरुषाच्या बोलण्यात सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बाईच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास. म्हणजे एखादी अभिनेत्री तासभर सलग बोलली तर सात लाखांहून जास्त आपटणी झाल्या. शरीराची रचना हे सोसण्यासाठीच केलेली आहे, पण नैसर्गिक पट्टीत आणि मधेमधे विश्रांती मिळाली तर. नटाने भूमिकेसाठी घसा आवळून, पट्टी चढवून किंवा मुद्दाम घोगरं बोलायचं ठरवलं की त्याच आपटण्यांचा जोर वाढतो.

दुर्बिणीतून बघताना आम्ही रुग्णाला "ईऽऽ" लांब धरायला सांगतो. स्ट्रोबोस्कोपच्या लुकलुकत्या उजेडात ते वेगवान कंपन संथ दिसायला लागतं. निरोगी तंतू पांढऱ्या, सरळ कडेचे दिसतात. ज्यांनी घसा ताणलाय त्यांच्या दोन्ही कडांवर, पुढचा एक तृतीयांश भाग संपतो नेमक्या त्याच जागी, समोरासमोर दोन उंचवटे दिसतात. हाताला घट्टे पडतात तसेच हे. यांना नोड्यूल म्हणतात. ते असले की तंतू पूर्ण मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते आणि आवाज फुसका, खरखरीत होतो. वरचे सूर लागत नाहीत. असा नट दोन सीझनच्या मधल्या सुट्टीत उपचार घेऊन आला तर नव्या सीझनला आवाज चक्क *चांगला* ऐकू येतो, आणि प्रेक्षक विचारतात, काय झालं बुवा!

आजार हे कारण उपनगरींनी बाजूला सारलंय, ते सरसकट सारता येणार नाही. पण आजार म्हणजे लोकांना वाटतो तसा मोठा आजार नव्हे. आम्लपित्त घशापर्यंत येणं, सिगारेटमुळे तंतूंना कायमची सूज येणं, थायरॉइडचा त्रास, साधी ॲलर्जी, एवढ्यानेही आवाज बदलतो. बायकांचा आवाज पाळी जाण्याच्या सुमारास खाली उतरतो. म्हाताऱ्या पुरुषांचा उलट किंचित वर जातो, कारण तंतू पातळ होतात. मालिका दहा-बारा वर्षं चालली तर नटाच्या वयाची दहा-बारा वर्षंही त्यात येतात.

घसा बसला की लोक कुजबुजत बोलतात. तसं करू नका. कुजबुजतानाही ताण येतो. गप्प बसा, पाणी प्या. जेष्ठमध, खडीसाखरेने तोंडाला बरं वाटतं, ते स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही.

तळ्यातमळ्यात

स्वरपेटी ताई, फार छान लिहिलंत. 'स्ट्रेंजर थिंग्ज'बद्दल मला लिहायचंय, कारण माझा मुलगा त्याच वयात असताना आम्ही ते बघितलं आणि घरात आणि टीव्हीवर एकाच वेळी आवाज फुटत होते.

पहिला सीझन जुलै २०१६ मध्ये आला, दुसरा ऑक्टोबर २०१७ मध्ये. कथेत मध्ये एक वर्ष गेलेलं आहे, त्यामुळे तिथवर जमून गेलं. मुलगे बारा-तेराचे होते, ते चौदाचे झाले. पुढे मात्र ताळमेळ सुटत गेला. तिसरा सीझन २०१९ ला, चौथा २०२२ ला, पाचवा २०२५ च्या शेवटी. मुख्य कथा १९८३ ते १९८७ एवढीच सरकते, पोरांचं खरं वय जवळजवळ दहा वर्षांनी वाढतं. चौथ्या सीझनला माईक आणि लुकस ही त्यातली पोरं बोलायला लागली की हायस्कूलच्या वर्गात कॉलेजची पोरं आणून बसवल्यासारखं वाटतं. मला त्याचा त्रास झाला नाही. पोरं मोठी होताना ऐकू येतात हे त्या मालिकेचं देणंच आहे असं मी मानतो.

त्याच टोळीतल्या डस्टिनचं प्रकरण वेगळं आहे. त्याचं काम करणाऱ्या गेटन माताराझोला क्लायडोक्रॅनियल डिस्प्लेसिया नावाचा जन्मजात विकार आहे, त्यात दात उशिरा येतात आणि हाडांची वाढ नीट होत नाही. लेखकांनी तो डस्टिनला तसाच दिला. पहिल्या सीझनला तो बोबडा बोलतो. दुसऱ्या सीझनला तो नवे दात सगळ्यांना अभिमानाने दाखवत फिरतो. म्हणजे त्याच्या बोलण्यात दोन गोष्टी एकदम बदलल्या, फुटलेला आवाज आणि पुढचे दात. 'स' ऐका त्याचा दोन्ही सीझनमधला.

स्वरपेटी

हे फार नेमकं टिपलंत. कंठ फुटला तर पट्टी बदलते, मुलग्यांची साधारण एक सप्तक खाली जाते. दात, जीभ, टाळू यांनी उच्चार बदलतो. ऐकणारा दोन्हींना "आवाज बदलला" म्हणतो.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे 'सोप्रानोज'वर लिहिण्याचा हक्क सांगतो!

टोनीचं काम करणारा जेम्स गँडोल्फिनी इथलाच. जन्म वेस्टवूडचा, वाढला पार्क रिजमध्ये, पदवी रटगर्सची. म्हणजे जर्सीची बोली त्याला कोणी शिकवावी लागली नसणार. तरी पहिल्या सीझनला तो ती हात राखून वापरतो. पहिला भाग १९९७ मध्ये चित्रित झाला होता आणि मालिका जानेवारी १९९९ मध्ये सुरू झाली. पायलट बनवताना ही मालिका पुढे होणार की नाही हेच ठरलेलं नव्हतं. त्या भागातला टोनी ऐका, जवळजवळ मवाळ वाटतो. दुसऱ्या सीझनपासून बोली दाट होत जाते, शब्दांच्या शेवटचे 'र' गळतात, आवाज नाकात जातो.

आणि श्वास. नंतरच्या सीझनमध्ये टोनी जिना चढला, खुर्चीत बसला, फ्रिज उघडून उभा राहिला तरी नाकातून शिट्टीसारखा श्वास ऐकू येतो. काही अंशी वजन वाढल्याचा तो परिणाम असेल, पण मला ते सगळं आपोआप झालेलं वाटत नाही. त्याच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर मेल्फीच्या खोलीत तो गप्प बसलेला असतो तेव्हा तोच श्वास संवादाचं काम करतो. राग येण्याच्या आधी लय बदलते त्याची. इतकं नेमकं नुसत्या वजनाने होत नाही. उपनगरींच्या मुद्द्याला ही माझी साक्ष. नटाला माणूस सापडत गेला तसा आवाज सापडत गेला.

जुनाटीव्ही

सगळे घशातच शिरलेत. एक कारण नटाच्या पार बाहेरचं आहे आणि भारतात ते फार लागू होतं.

सिनेमा आणि फिल्मवर चित्रित झालेल्या कित्येक मालिका सेकंदाला २४ चौकटींच्या असतात. आपल्याकडचा जुना टीव्ही आणि बऱ्याच जुन्या डीव्हीडी पाल पद्धतीच्या, म्हणजे २५ चौकटी. हा हिशेब जुळवायची सोपी युक्ती म्हणजे सगळंच चार टक्के वेगाने पळवायचं. शंभर मिनिटांचा मजकूर शहाण्णव मिनिटांत संपतो. चित्रात काही कळत नाही, पण आवाजाची पट्टी वर जाते. किती? पेटीवर काळी एक आणि पांढरी दोन यांत जेवढं अंतर, त्याच्या सुमारे सत्तर टक्के. गाणाऱ्याच्या कानाला ते लगेच खटकतं, बाकीच्यांना नुसतं "काहीतरी वेगळं" वाटतं.

आता समजा पहिले दोन सीझन तुम्ही युरोपातून मागवलेल्या डीव्हीडीवर पाहिले आणि तिसरा थेट ओटीटीवर. तिसऱ्या सीझनला प्रत्येक नटाचा आवाज किंचित जाड झालेला असणार. एकाचा नव्हे, *प्रत्येकाचा*. पार्श्वसंगीताचाही. हीच ओळखण्याची खूण. एकट्याचाच बदलला असेल तर कारण नटाकडे शोधा, सगळ्यांचा बदलला असेल तर कारण यंत्राकडे.

सगळ्याच अमेरिकन मालिका अशा पळवलेल्या नसत. काहींचं रूपांतर दुसऱ्या पद्धतीने व्हायचं, त्यात वेग बदलत नसे. म्हणून तपासल्याशिवाय ठरवू नका.

उपनगरी

जुनाटीव्ही काका, ही खूण लिहून ठेवली. सिम्पसन्सला ती लावून पाहिली. पहिल्या आणि तिसऱ्या सीझनमध्ये होमरच्या मुलाचा, बार्टचा आवाज जवळपास जागच्या जागी आहे, होमरचाच हललाय. म्हणजे तिथे यंत्राचा संबंध नाही.

बार्टवरून आठवलं. बार्टला आवाज देते नॅन्सी कार्टराइट. आज ती साठीच्या पुढे आहे, पण दहा वर्षांचा पोरगा अजून दहाचाच वाटतो. लहान मुलग्यांच्या कार्टूनला बायकांचे आवाज का घेतात, ते स्ट्रेंजर थिंग्जची चर्चा वाचल्यावर स्पष्टच झालं. तिचा आवाज फुटायची भीती नाही.

तळ्यातमळ्यात

पण खरी मुलं घेऊनही छान होऊ शकतं. 'ॲडव्हेंचर टाइम' हे कार्टून २०१० मध्ये सुरू झालं तेव्हा त्यातल्या फिनला आवाज देणारा जेरेमी शाडा तेरा वर्षांचा होता. आवाज फुटला तरी त्यांनी मुलगा बदलला नाही, फिनलाच मोठं होऊ दिलं. २०१८ मध्ये मालिका संपेपर्यंत तो तरुण माणसासारखा बोलतो. 'गमबॉल' या कार्टूनवाल्यांनी उलट केलं, मुलांचे आवाज फुटले तेव्हा नवी मुलं आणली आणि त्या बदलावरच एक अख्खा भाग केला. मला फिनची पद्धत जास्त भावते.

माईकसमोर

मी मुंबईत डबिंग करते, हिंदी आणि मराठी, बहुतेक लहान मुलांच्या मालिका. उपनगरींनी हाक मारली म्हणून लिहितेय.

बूथमध्ये आम्ही एकेकटे असतो. कानात मूळ भाषेतला आवाज, समोर पडद्यावर चित्र, स्टँडवर कागद. दोन वाक्यं बोलायची, थांबायचं, पुढची दोन. मूळ कलाकारांना समोर कोणीतरी असतं किंवा निदान प्रसंगाचा ओघ असतो, आमच्याकडे तो तुटक असतो. त्यामुळे पात्राचा आवाज आठवणीवर धरून ठेवावा लागतो आणि आठवण दगा देते.

नवा सीझन येतो तो कधी वर्षाने, कधी दोन वर्षांनी. मधल्या काळात मी दहा वेगळी पात्रं केलेली असतात. म्हणून चांगला रेकॉर्डिस्ट काय करतो, काम सुरू करण्याआधी मागच्या सीझनमधला माझाच एक तुकडा कानात सोडतो. आम्ही त्याला रेफरन्स म्हणतो. एका खारीचं पात्र होतं माझ्याकडे. मध्ये बराच खंड पडला होता. मी आत गेले, आत्मविश्वासाने चार वाक्यं बोलले. बाहेरून दिग्दर्शकाने बटण दाबून सांगितलं, "ताई, जुनं ऐका एकदा." ऐकलं. माझी खार आधी आळशी होती, शब्दांचा शेवट लांबवायची. दरम्यान मी तिला मनातल्या मनात खट्याळ आणि भरभर बोलणारी करून टाकलं होतं. पट्टी तीच होती हो, चाल बदलली होती. प्रेक्षक मात्र हेच म्हणाले असते, आवाज बदलला.

जिथे रेफरन्स ऐकवायला वेळच देत नाहीत, एका दिवसात चार-चार भाग उरकायचे असतात, तिथे पात्र घसरतं. स्टुडिओ बदलला की आणखी वेगळं. माईक बदलतो, माईकपासूनचं अंतर बदलतं. माईकच्या अगदी जवळ जाऊन बोललं की खर्ज फुगतो, हातभर मागे सरकलं की आवाज कोरडा आणि बारीक होतो. २०२० मध्ये तर जगभरचे कलाकार घरी, कपड्यांच्या कपाटात, रजया लटकवून रेकॉर्ड करत होते. त्या काळातले भाग नीट ऐकलेत तर तुम्हाला खोली ऐकू येईल.

आणि घसा. किंचाळण्याचे, मारामारीचे, पडण्या-आपटण्याचे आवाज नेहमी *शेवटी* करायचे, हा आमचा नियम. ते आधी केले तर उरलेला दिवस घोगऱ्या आवाजात जातो. कोणी नवा मुलगा उत्साहात सकाळीच किंचाळ्या देतो आणि दुपारी त्याचं पात्र दुसरंच कोणी वाटतं. हा नियम कागदावर कुठे लिहिलेला नाही, सिनियर सांगतात.

एडिसनकर

माईकसमोर ताई, ही माहिती कुठे वाचायला मिळत नाही. मनापासून आभार.

शेवगाशेंग

चाल बदलली, पट्टी तीच, हे बर्नाडेटला लावून बघूया का? २००९ मध्ये, तिसऱ्या सीझनला मेलिसा राउच पहिल्यांदा येते. तेव्हा ती पाहुणी आहे. नोकरी करून शिकणारी, थोडी बुजलेली मुलगी. हा आवाज तिने स्वतःच्या आईवरून घेतला, आईची जर्सीची ढब तेवढी काढून टाकली, असं ती सांगते. पुढे ती मुख्य पात्रांत आली, हॉवर्डशी लग्न झालं, आणि लेखकांनी तिला एक हुकमी जागा दिली. एवढीशी बाई, गोड किनरा आवाज, आणि पडद्यामागून ओरडणाऱ्या हॉवर्डच्या आईसारखी डरकाळी. हा विरोध दिसायला हवा तर गोड टोक आणखी गोड करणं आलंच. समोर प्रेक्षक बसवून चित्रित होणारी मालिका, त्यामुळे कशाला हशा येतो ते तिथल्या तिथे कळतं. हशा जिकडे, तिकडे आवाज.

तळ्यातमळ्यात

'तारक मेहता'च्या दयाबेनचं तेच नाही का? २००८ चे सुरुवातीचे भाग काढून बघा. दिशा वाकाणीचा आवाज नंतरच्या इतका चढा, नाकातला नाही. लोकांना आवडत गेला तसा तो वाढत गेला. आणि ती तर रोजची मालिका. सीझनची सुट्टीसुद्धा नाही.

स्वरपेटी

रोजच्या मालिकांची मला खरोखर काळजी वाटते. बारा तासांची पाळी, धुळीचा सेट, जोरात एसी, अवेळी जेवण, आणि वर एक बनवलेला आवाज. अमेरिकन विनोदी मालिकेला वर्षाला बावीस-चोवीस भाग आणि उन्हाळ्याची सुट्टी असते. आपल्याकडे वर्षाला तीनशेच्या घरात भाग होतात. नटांनी आवाज बसण्याची वाट न पाहता वर्षातून एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा. गायक करतात, नट करत नाहीत.

जुनाटीव्ही

आवाज *न* बदलणाऱ्यांचंही कौतुक करूया. २००१ मध्ये अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली तेव्हा दिलीप प्रभावळकर सत्तावन्न वर्षांचे होते आणि आबा टिपरे त्यांच्याहून चांगलेच म्हातारे. म्हणजे तोही बनवलेलाच आवाज. पण तो त्यांनी घसा आवळून बनवलेला नव्हता. शब्दांच्या मधल्या थांब्यांतून, श्वास किंचित अपुरा ठेवून, वाक्याच्या शेवटी आवाज सोडून देऊन आबा उभे राहत. म्हणूनच तो शेवटच्या भागापर्यंत टिकला असं माझं ठाम मत आहे. 'हसवाफसवी'त एकाच नाटकात सहा भूमिका करणाऱ्या माणसाला कुठे किती खर्च करायचा ते माहीत असणारच.

एडिसनकर

एक वेगळं उदाहरण. 'द क्राऊन'मध्ये राणी दर दोन सीझनला बदलते. क्लेअर फॉय, मग ऑलिव्हिया कोलमन, मग इमेल्डा स्टॉन्टन. नट बदलतात तसा आवाज बदलणारच, पण त्यात आणखी एक पदर आहे. खुद्द राणीची बोली आयुष्यभरात बदलली होती. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या जोनाथन हॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी तिची नाताळची भाषणं घेऊन १९५० च्या दशकातले स्वर आणि १९८० च्या दशकातले स्वर मोजले. 'नेचर'मध्ये २००० साली ते छापून आलं. राणीचे स्वर तिच्या जुन्या खानदानी उच्चारांपासून दक्षिण इंग्लंडच्या सामान्य बोलीच्या दिशेने सरकले होते. मोठ्या वयातही आवतीभोवतीची भाषा माणसात मुरत राहते.

मालिकेत उच्चार शिकवायला विल्यम कोनाकर होते. फॉयची तरुण राणी ओठ न हलवता, चिमटीत धरल्यासारखे स्वर काढते, स्टॉन्टनची बरीच सैल बोलते. वरवर बघणाऱ्याला ती विसंगती वाटेल, पण ती इतिहासाला धरून आहे.

उपनगरी

वा! म्हणजे इथे आवाज बदलला *नसता* तर चूक झाली असती.

आता ज्यामुळे मला खरं वाईट वाटतं ते विचारते. होमरची बायको, मार्ज. तिला आवाज देणारी ज्युली कॅव्हनर १९५० ची. तीही कॅस्टेलानेटासारखी 'ट्रेसी उलमन शो'मध्येच काम करत होती आणि तिथूनच मार्ज झाली. मार्जचा आवाज पहिल्यापासून खरखरीत, तीच तिची ओळख. पण अलीकडच्या सीझनमध्ये तो थकलेला जाणवतो. मार्ज अजून चौतीस-छत्तीसची, आवाज पंचाहत्तरीचा. सोशल मीडियावर लोक निर्दयपणे लिहितात, आता बदला म्हणून. तुम्हाला काय वाटतं?

शेवगाशेंग

बदलू नये. कॅव्हनर पन्नाशीच्या आत-बाहेर असताना ज्यांनी मार्ज ऐकली त्यांना आता ती म्हातारी वाटते, आज नव्याने बघणाऱ्या मुलांना तीच मार्ज आहे.

जुनाटीव्ही

मला वाटतं बदलावं, पण तिने ठरवल्यावर. जपानमध्ये डोरेमॉनचा आवाज नोबुयो ओयामा यांनी १९७९ पासून २००५ पर्यंत दिला. मग एकट्या त्यांना नव्हे, मुख्य पात्रांच्या सगळ्याच कलाकारांना एकदम निरोप देऊन नवी मंडळी आणली. वासाबी मिझुता तेव्हापासून डोरेमॉन आहे. एक अख्खी पिढी आता तिलाच ओळखते.

माईकसमोर

'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या कार्टूनमध्ये अंकल आयरोला आवाज देणारे माको २००६ मध्ये गेले. तिसऱ्या सीझनला ग्रेग बाल्डविनने जागा घेतली. नक्कल उत्तम आहे, आणि सीझनच्या सुरुवातीला आयरो कैदेत गप्पच बसून असतो, त्यामुळे प्रेक्षकाच्या कानाला जुना आवाज विसरायला अवधी मिळतो. 'बिग बँग'मध्ये हॉवर्डच्या आईला नुसता आवाज होता, कॅरल ॲन सुसीचा. ती २०१४ मध्ये गेली, तर त्यांनी दुसरी बाई न घेता पात्रालाच निरोप दिला. दोन्ही मला योग्य वाटतात. माकोंची भूमिका गोष्टीला हवी होती, सुसीची तिच्या स्वतःशिवाय कोणाची नव्हती.

मार्जबद्दल विचाराल तर, कॅव्हनर बाईंना जमतंय आणि करावंसं वाटतंय तोवर ते काम त्यांचं आहे. आमच्या बूथमध्ये एक ज्येष्ठ काकू आजीबाईंचे आवाज द्यायला यायच्या. शेवटी शेवटी त्यांना एका दमात वाक्य पुरं होत नसे. रेकॉर्डिस्टने कधी तसं बोलून दाखवलं नाही. तो वाक्याचे दोन तुकडे करून घ्यायचा आणि मधला श्वास कापून सांधायचा. सिम्पसन्सच्या टेबलावर असा कोणीतरी असेलच.

स्वरपेटी

वाक्याचे दोन तुकडे करणं हे आम्ही उपचारातही शिकवतो. त्याने स्वरतंतूंवरचा ताण खरोखर कमी होतो. त्या रेकॉर्डिस्टना माझा नमस्कार सांगा.